व्हीएम हलवली, पण सुरू होत नाही: ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर जाताना कुठे काय तपासायचं

व्हीएम म्हणजे एका सर्व्हरवर चालणारं आभासी यंत्र, आणि अशी यंत्रं चालवण्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी व्हीएमवेअर. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने ती ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली आणि सगळा कारभार सबस्क्रिप्शनवर गेला. फेब्रुवारी २०२४मध्ये व्हीएम चालवणारं तिचं मूळ सॉफ्टवेअर ईएसएक्सआय, त्याची फुकट मिळणारी आवृत्तीही बंद झाली. एप्रिल २०२५मध्ये ती परत आली खरी, पण तोवर दोन-तीन सर्व्हरवर भागवणारी बरीच ऑफिसं आणि कॉलेजं दुसरीकडे वळली होती. त्यातली एक रुळलेली वाट म्हणजे प्रॉक्समॉक्स व्हीई. कंपनी व्हिएन्नाची, पाया डेबियनचा आणि व्हीएम चालवणारं इंजिन केव्हीएम, जे २००७पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे.

हा लेख पहिल्यांदाच व्हीएम हलवणाऱ्यांसाठी आहे. प्रॉक्समॉक्स बसवलेलं आहे, त्याचं वेब पान उघडता येतं आणि ईएसएक्सआयचा रूट पासवर्ड हाताशी आहे, एवढं धरून चालतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. मायग्रेशननंतर व्हीएम उठली नाही की नवखा माणूस समजतो डिस्क खराब आली, आणि पाचशे जीबी पुन्हा कॉपी करायला लावतो. बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते. ती जशीच्या तशी आलेली असते, फक्त तिच्याभोवतीचं यंत्र बदललेलं असतं: डिस्क कंट्रोलर वेगळा, नेटवर्क कार्ड वेगळं, फर्मवेअर (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) वेगळं, टीपीएम (गुप्त किल्ल्या जपणारी चिप) कोरा, सीपीयूचा प्रकार वेगळा. आतल्या विंडोज किंवा लिनक्सला यातलं काहीच कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून पुन्हा कॉपी करण्याआधी गाडी नेमकी कुठे अडली ते बघा. फर्मवेअरलाच डिस्क सापडत नाही, की विंडोजचा लोगो येऊन निळा स्क्रीन येतो, की सगळं सुरू होतं पण नेटवर्क नाही, की नेटवर्कही आहे पण डी ड्राइव्ह गायब आहे? प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

जुन्या होस्टवर, म्हणजे ईएसएक्सआय सर्व्हरवर, असतानाच करायची कामं

पुढच्या अर्ध्या कटकटी इथेच टळतात, त्यामुळे हा भाग घाईत उरकू नका.

आधी कागदावर किंवा एखाद्या फाइलमध्ये नोंद करा: फर्मवेअर बायॉस आहे की ईएफआय, सिक्युअर बूट चालू आहे का, डिस्क किती आणि कोणत्या क्रमाने, कंट्रोलर कोणता (एलएसआय लॉजिक एसएएस की पीव्हीएससीएसआय), प्रत्येक नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, कोणत्या पोर्ट ग्रुपला (आभासी स्विचवरचा पोर्टांचा गट) कोणता व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरची नेटवर्क वेगळी ठेवणारा), आणि आतला आयपी, सबनेट, गेटवे, डीएनएस. या नोंदीतल्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक फर्मवेअरचा प्रकार आणि दुसरा व्हीलॅन क्रमांक. व्हीलॅन व्हीएमच्या सेटिंगमध्ये दिसत नाही, तो पोर्ट ग्रुपवर असतो.

मग स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची एखाद्या क्षणी जपून ठेवलेली स्थिती. जुने स्नॅपशॉट पडलेले असतील तर सगळे डिलीट करा आणि कन्सॉलिडेट करून घ्या. डेटास्टोअरमध्ये (ईएसएक्सआयची फाइल ठेवायची जागा) नावाच्या शेवटी ०००००१ असलेली व्हीएमडीके, म्हणजे व्हीएमवेअरची डिस्क फाइल, दिसत असेल, तर ताजा डेटा त्या फाइलमध्ये आहे. मूळ डिस्क म्हणून दिसणारी फाइल स्नॅपशॉट घेतला त्या दिवसावर थांबलेली असते. हाताने कॉपी करताना कोणी तीच मूळ फाइल उचलली, तर व्हीएम अगदी व्यवस्थित सुरू होते, फक्त सहा महिन्यांपूर्वीची. ही चूक घातक आहे, कारण पडद्यावर कुठलाच एरर येत नाही.

व्हीएमवेअर टूल्स, म्हणजे व्हीएमच्या आत बसवलेलं व्हीएमवेअरचं ड्रायव्हर वगैरेंचं पॅकेज, इथेच काढा. नव्या जागी गेल्यावर त्याचा अनइन्स्टॉलर आपण व्हीएमवेअरवर नाही म्हणून अडून बसतो आणि मग रजिस्ट्री साफ करत बसावं लागतं. पण हे काम रिमोट डेस्कटॉपवरून करू नका, व्हीएमच्या कन्सोलवरून करा. टूल्सबरोबर व्हीएमएक्सनेट३ या आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर जाऊ शकतो, आणि मग तुमचं सेशन अर्ध्यातच तुटतं. लिनक्समध्ये ओपन-व्हीएम-टूल्स हे पॅकेज काढलं की झालं.

विंडोजवर बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) असेल तर रिकव्हरी की आधी मिळवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा. टीपीएममधलं गुपित नव्या होस्टवर येत नाही, त्यामुळे सस्पेंड न करता हलवली तर पहिल्याच बूटला निळ्या पानावर ४८ अंकी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कचं पुढे काहीही होऊ शकत नाही.

लिनक्सबाबत घराणं बघा. डेबियन आणि उबुंटू आपल्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी इमेज) बहुतेक ड्रायव्हर घालून ठेवतात, त्यामुळे ती सहसा त्रास देत नाहीत. रेडहॅट, रॉकी, अल्मा, जुनं सेंटओएस ही मंडळी मात्र ती इमेज बनवायला ड्रॅकट वापरतात, आणि ड्रॅकट फक्त चालू यंत्राला लागणारे ड्रायव्हर ठेवतं. म्हणजे व्हीएमवेअरवर बनलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये व्हर्टआयओचा (केव्हीएमच्या आभासी उपकरणांचे ड्रायव्हर) पत्ताच नसतो. बंद करण्याआधी ड्रॅकट 'फोर्स', 'नो-होस्टओन्ली' आणि 'रीजनरेट-ऑल' या पर्यायांसह एकदा चालवा. मिनिटभराचं काम आहे, आणि नंतरचा मोठा मनस्ताप वाचवतं.

शेवटी बॅकअप घ्या आणि व्हीएम नीट शटडाऊन करा. विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्ट मेनूतून बंद करणं पुरेसं नाही. फास्ट स्टार्टअपमुळे ती अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते. कमांड प्रॉम्प्टवर शटडाऊनची आज्ञा 'एस' आणि 'टी शून्य' देऊन चालवा, म्हणजे ती खरोखर बंद होते.

डिस्क आणायची कशी

सोपा रस्ता म्हणजे प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा इम्पोर्ट विझार्ड, जो एप्रिल २०२४च्या ८.२ आवृत्तीपासून सोबतच येतो. 'डेटासेंटर'मध्ये 'स्टोरेज', तिथे 'ॲड', यादीतून 'ईएसएक्सआय'. होस्टचा पत्ता, युजर, पासवर्ड भरा. सर्टिफिकेट स्वतःचंच बनवलेलं असेल तर पडताळणी वगळण्याची खूण करा. डाव्या बाजूला नवं स्टोरेज दिसतं, त्यात व्हीएमची यादी, आणि प्रत्येकीसाठी 'इम्पोर्ट'चं बटण.

विझार्ड अडतो त्याची ठरलेली कारणं आहेत. पत्ता व्हीसेंटरचा (अनेक होस्ट एकत्र सांभाळणारा सर्व्हर) दिला तर काम होतं, पण फार रखडतं. थेट ईएसएक्सआय होस्टचा पत्ता द्या. व्हीसॅनवरच्या (अनेक होस्टच्या डिस्क मिळून बनलेलं व्हीएमवेअरचं स्टोरेज) डिस्क त्याला आणता येत नाहीत, आधी साध्या डेटास्टोअरवर हलवा. डेटास्टोअरच्या नावात अधिकचं चिन्ह वगैरे असेल तर नाव बदला. एन्क्रिप्ट केलेली व्हीएम असेल तर एन्क्रिप्शन आणि व्हर्च्युअल टीपीएम आधी काढावं लागतं. आणि इम्पोर्ट निम्म्यावर येऊन ५०३ क्रमांकाच्या एररने मरत असेल, तर ईएसएक्सआयच्या एपीआयने जास्त सेशन झाली म्हणून दार लावलेलं असतं. होस्टच्या 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये 'मॅक्स सेशन काउंट' शोधा (नावात 'व्हीएमॅकोर' आणि 'सोप' हे शब्द असलेलं), किंमत शून्य करा, काम झाल्यावर पूर्ववत करा. एका वेळी एकच व्हीएम आणली तरी हा त्रास कमी होतो.

विझार्डमध्ये 'लाइव्ह इम्पोर्ट' नावाची खूण असते. डिस्क येत असतानाच व्हीएम सुरू होते, त्यामुळे ती मोहात पाडते. पण मधेच नेटवर्क तुटलं तर सुरू झाल्यापासून व्हीएमने जे काही लिहिलं ते सगळं जातं. डेटाबेस किंवा फाइल सर्व्हरसाठी मी ती कोणालाच सुचवणार नाही. शनिवारी रात्री बंद ठेवून शांतपणे आणा.

हाताने आणायची वेळ आली तर व्हीएमडीकेबद्दल एक गोष्ट माहीत हवी. ईएसएक्सआयच्या वेब पानावर एकच फाइल दिसते, पण एसएसएचने आत जाऊन पाहिलं तर दोन असतात: एक अगदी छोटी मजकूर फाइल, आणि नावात 'फ्लॅट' असलेली अजस्र फाइल. छोटीत फक्त वर्णन असतं, डेटा सगळा फ्लॅटमध्ये. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये आणा आणि इम्पोर्टच्या आज्ञेला छोटीचं नाव द्या. फक्त छोटी आणली तर 'फ्लॅट फाइल उघडता आली नाही' अशी तक्रार येते. छोटी हरवली असेल तरी घाबरू नका. फ्लॅट फाइल म्हणजे मुळात रॉ इमेजच असते, प्रकार 'रॉ' सांगून ती थेट घेता येते. ओव्हीए (एक्सपोर्ट केलेल्या व्हीएमचं एकत्र पॅकेज) मिळाली असेल तर ती साधी टार फाइल आहे. उघडा, आत व्हीएमडीके सापडेल.

आणल्यावर दोन्हीकडे एसएचए-२५६ चेकसम काढून जुळवून बघा. डिस्क खराब आली का, ही शंका इथेच मिटते.

प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क आत घेण्याची आज्ञा 'क्यूएम डिस्क इम्पोर्ट' अशी आहे, पुढे व्हीएमचा क्रमांक, फाइल आणि स्टोरेजचं नाव. स्टोरेज एलव्हीएम-थिन किंवा झेडएफएस असेल तर तिथे क्यूकाऊ२ प्रकारची डिस्क फाइल शोधत बसू नका. तिथे डिस्क ब्लॉक डिव्हाइस म्हणून रॉ स्वरूपातच राहते.

पहिलं बूट

सुरू करण्याआधी नव्या व्हीएमच्या नेटवर्क कार्डावर 'डिस्कनेक्ट'ची खूण करा. आणि जुन्या व्हीएमच्या कार्डावरची 'कनेक्ट ॲट पॉवर ऑन'ची खूण काढा, म्हणजे कोणी चुकून ती सुरू केली तरी एकाच आयपीच्या दोन मशीन एकमेकींना भिडणार नाहीत. डोमेन कंट्रोलरच्या (ऑफिसची सगळी लॉगिन सांभाळणारा विंडोज सर्व्हर) बाबतीत तर हे अनिवार्य समजा. नवा चालून गेल्यावर जुना पुन्हा जागा झाला, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या नोंदींचा क्रम बिघडतो आणि तो गोंधळ निस्तरणं फार अवघड जातं.

फर्मवेअरला डिस्कच सापडत नाही

काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'नॉट अ बूटेबल डिस्क' असं काही.

हाताने इम्पोर्ट केलेली डिस्क व्हीएमला आपोआप जोडली जात नाही. ती 'हार्डवेअर'मध्ये 'अनयूज्ड डिस्क ०' म्हणून पडून राहते. तिच्यावर डबल क्लिक करा, बस निवडा, 'ॲड' म्हणा. मग 'ऑप्शन्स'मध्ये 'बूट ऑर्डर' उघडून तिच्यापुढे खूण करा. ही दुसरी पायरी सुटली की डिस्क जोडलेली असूनही बूट होत नाही.

तरीही जमलं नाही तर फर्मवेअर जुळत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये फर्मवेअरचे दोन पर्याय आहेत: बायॉसवर बसवलेली व्हीएम सीबायॉसवरच उठते आणि ईएफआयवाली ओव्हीएमएफवर. नोंद केली नसेल तर होस्टवरून त्या डिस्कचं पार्टिशन टेबल एफडिस्कने बघा. 'ईएफआय सिस्टम' नावाचं छोटं पार्टिशन दिसलं तर ओव्हीएमएफ निवडा आणि सोबत ईएफआय डिस्कही जोडा, नाहीतर फर्मवेअरच्या सेटिंग टिकणार नाहीत.

ओव्हीएमएफ आहे, डिस्कही आहे, तरी ईएफआय शेलच्या पिवळ्या अक्षरांवर येऊन थांबतं? बूटची नोंद जुन्या होस्टच्या एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या सेटिंग जपणारी मेमरी) होती, ती मागेच राहिली. विंडोज सहसा ठरलेल्या पर्यायी जागीही एक प्रत ठेवतं म्हणून निभावतं. डेबियन आपणहून तशी प्रत ठेवत नाही. सुरू होताना एस्केप दाबून फर्मवेअरच्या मेनूत जा, 'बूट मेंटेनन्स मॅनेजर', मग 'बूट फ्रॉम फाइल', आणि ईएफआय फोल्डरमधल्या डेबियनच्या फोल्डरातली शिम किंवा ग्रब या बूटलोडरची फाइल निवडा. आत गेल्यावर ग्रब पुन्हा इन्स्टॉल केलं की नोंद कायमची होते.

विंडोज निळ्या पडद्यावर: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'

सगळ्यात जास्त फोन याच पडद्याबद्दल येतात, म्हणून हे सावकाश बघू.

विंडोजचा लोडर फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचतो, कर्नल मेमरीत येतो, मग कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधायला जातो. व्हर्टआयओ स्कझीचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. स्वतःचीच सी ड्राइव्ह दिसेनाशी होते आणि तो तिथेच थांबतो. जुन्या विंडोजवर याच दोषाचा कोड ७बी म्हणून दिसतो.

व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधी व्हीएमवेअरवरच इन्स्टॉल केले तर? पुष्कळ जण तसं करतात आणि तरीही निळा पडदा बघतात. कारण तेव्हा ड्रायव्हर साठ्यात जाऊन पडतो, पण ते उपकरण समोर नसल्यामुळे विंडोज त्याला बूटच्या वेळी लागणारा ड्रायव्हर म्हणून नोंदवत नाही. उपकरण एकदा प्रत्यक्ष दिसावं लागतं. पुढची सगळी युक्ती तेवढ्यासाठी आहे.

१. व्हीएम बंद करा. 'हार्डवेअर'मध्ये मूळ डिस्क निवडून 'डिटॅच' करा. ती 'अनयूज्ड' होईल, डेटा जात नाही. पुन्हा जोडताना बस म्हणून साटा निवडा. साटाचा ड्रायव्हर विंडोजकडे मुळातच असतो.

२. 'स्कझी कंट्रोलर'चा प्रकार 'व्हर्टआयओ स्कझी सिंगल' ठेवा. त्यावर एक जीबीची एक नवी, रिकामी डिस्क जोडा, बस स्कझी.

३. व्हर्टआयओ-विन हे आयएसओ सीडी ड्राइव्हमध्ये घाला. बूट ऑर्डरमध्ये साटा डिस्क सगळ्यात वर घ्या आणि सुरू करा.

४. विंडोज उठेल. सीडीवरचा ६४ बिटचा गेस्ट टूल्स इन्स्टॉलर चालवा. आता 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'स्टोरेज कंट्रोलर्स'खाली रेडहॅट व्हर्टआयओ स्कझीची ओळ हवी, पिवळ्या उद्गारचिन्हाशिवाय. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्येही एक जीबीची डिस्क दिसायला हवी. ही दोन्ही चिन्हं दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

५. शटडाऊन. छोटी डिस्क डिटॅच करून काढून टाका. मूळ डिस्क साटावरून डिटॅच करून स्कझीवर जोडा, जोडताना 'डिस्कार्ड'ची खूण करा. बूट ऑर्डर पुन्हा तपासा, कारण डिस्कचं नाव बदललं की तिथली खूण गेलेली असते. सुरू करा.

साटावरही उठली नाही तर आयडीई करून बघा. तेही नाही झालं, तर विंडोजच्या सेटअप आयएसओवरून बूट करून रिपेअरच्या कमांड प्रॉम्प्टवर जा, ड्राइव्हलोड या आज्ञेने व्हीआयओस्कझीचा ड्रायव्हर चढवा, सी ड्राइव्ह दिसू लागली की डिस्म या विंडोजच्या साधनाने तोच ड्रायव्हर ऑफलाइन विंडोजमध्ये घाला. विंडोज ७ किंवा सर्व्हर २००८ आर२ असेल तर नवं व्हर्टआयओ आयएसओ चालणार नाही, जुन्या आवृत्तीचं शोधा.

रेडहॅटचं व्हर्ट-व्ही२व्ही हे साधन ड्रायव्हर घालण्याचं काम आपणहून करतं. पन्नासेक विंडोज व्हीएम हलवायच्या असतील तर ते शिकून घेणं फायद्याचं. दोन-चारसाठी वरची पद्धत पुरते.

लिनक्स ड्रॅकटच्या शेलवर थांबलं

ग्रबचा मेनू येतो, कर्नल सुरू होतो, दोन-तीन मिनिटं ओळी सरकतात आणि मग इशारा: रूटचं डिव्हाइस अस्तित्वात नाही. खाली ड्रॅकटचा प्रॉम्प्ट. म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये व्हर्टआयओ नाही. आधी सांगितलेली पायरी राहून गेली तर दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता ग्रबच्या मेनूतूनच जातो. रेडहॅट घराण्यात यादीच्या तळाशी 'रेस्क्यू' नावाची ओळ असते. तिची इमेज सगळे ड्रायव्हर घालून बनवलेली असते. ती निवडा, आत जा, ड्रॅकट चालवा, रीबूट करा.

दुसरा रस्ता फार थोड्यांना ठाऊक असतो. प्रॉक्समॉक्सच्या 'स्कझी कंट्रोलर'च्या यादीत 'व्हीएमवेअर पीव्हीएससीएसआय' हाही प्रकार आहे. जुनी व्हीएम पीव्हीएससीएसआयवर असेल तर तात्पुरता तो निवडा. लिनक्सला ओळखीचं उपकरण दिसतं आणि ते निमूट उठतं. ड्रॅकट चालवून बंद करा आणि मग व्हर्टआयओवर न्या. एलएसआयच्या बाबतीत मात्र हे चालेलच असं नाही. यादीत एलएसआय दिसतं, पण व्हीएमवेअरचं एलएसआय एसएएस आणि हे ५३सी८९५ए ही दोन वेगळी कार्डं आहेत.

ड्रॅकट पार झालं, पण पुढे 'स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट मोजून इमर्जन्सी मोडमध्ये गेलं, तर दोष एफएसटॅबचा, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीचा. कोणीतरी तिथे डिस्क यूयूआयडीऐवजी (न बदलणारा ओळख क्रमांक) एसडीबी१ अशा नावाने लिहिलेली असते. 'व्हर्टआयओ ब्लॉक' बस निवडली की नावं व्हीडीए, व्हीडीबी अशी होतात. बस स्कझी ठेवली तर एसडीए, एसडीबी हीच नावं राहतात, पण डिस्क जोडण्याचा क्रम बदलला तर अदलाबदल होऊ शकते. यूयूआयडी लिहून टाका आणि मोकळे व्हा.

आणि कर्नल पॅनिकबरोबर जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची तक्रार दिसली की सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ला सपोर्ट करत नाही, तर डिस्कला हातही लावू नका. रेडहॅट ९ आणि तिच्या भावंडांना तेवढा सीपीयू लागतो आणि व्हीएमवर जुना केव्हीएम६४ प्रकार निवडलेला असतो. तो 'होस्ट' किंवा 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' करा. एकच सर्व्हर असेल तर 'होस्ट' उत्तम. क्लस्टरमध्ये वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर असतील तर दुसरा, म्हणजे चालू व्हीएम इकडून तिकडे नेता येते.

उठली, पण नेटवर्क नाही

आता 'डिस्कनेक्ट'ची खूण काढलीत ना, हे आधी बघा.

लिनक्समध्ये कार्डाचं नाव ते कोणत्या पीसीआय जागेवर आहे त्यावरून ठरतं. व्हीएमवेअरवर ते बहुधा ईएनएस१९२ असतं, प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८ होतं. आयपीची सेटिंग जुन्या नावाला बांधलेली, म्हणून नवं कार्ड कोरं राहतं. 'आयपी लिंक' चालवून नवं नाव बघा आणि नेटप्लॅन, नेटवर्कमॅनेजर किंवा इंटरफेसेस फाइल, जे असेल तिथे बदला.

विंडोजमध्ये स्थिर आयपी टाकायला गेलात की इशारा येतो, हा पत्ता दुसऱ्या ॲडॅप्टरला आधीच दिलेला आहे. तो दुसरा म्हणजे जुनं व्हीएमएक्सनेट३, जे आता यंत्रात नाही पण रजिस्ट्रीत आहे. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'व्ह्यू', 'शो हिडन डिव्हायसेस'. फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा, मग आयपी भरा. नवं कार्ड म्हणजे विंडोजच्या लेखी नवं नेटवर्क, त्यामुळे ते 'पब्लिक' धरलं जाऊन फायरवॉल कडक होते. आतून इंटरनेट चालतं पण बाहेरून कोणालाच शेअर उघडता येत नाही, असं झालं तर प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा.

दोन्हीकडे आयपी बरोबर असूनही गेटवेला पिंग जात नसेल तर तो व्हीलॅन क्रमांक आठवा. प्रॉक्समॉक्समध्ये तो व्हीएमच्या नेटवर्क कार्डावर भरावा लागतो, आणि ब्रिजवर (प्रॉक्समॉक्सचा आभासी स्विच) 'व्हीलॅन अवेअर'ची खूण लागते.

मॅक पत्ता जुनाच ठेवा. डीएचसीपीची आरक्षणं आणि मॅकला बांधलेली लायसन्सं त्यामुळे शाबूत राहतात. काही सॉफ्टवेअर मशीनचा यूयूआयडी बघतात. तो 'ऑप्शन्स'मधल्या 'एसएमबायॉस सेटिंग्ज'मध्ये जुन्यासारखा करता येतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल असेल तर ते नव्या होस्टला लावून व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये यूएसबी उपकरण म्हणून जोडा, व्हेंडर आणि डिव्हाइस क्रमांकाने, म्हणजे पोर्ट बदललं तरी चालतं.

सगळं चालतंय, तरी काहीतरी बिनसलंय

सी ड्राइव्ह आहे, डी नाही. कंट्रोलर बदलल्यावर विंडोज सर्व्हर डेटाच्या डिस्क 'ऑफलाइन' ठेवू शकतो, आणि डेटाबेसची सर्व्हिस सुरूच होत नाही. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये डिस्कवर उजवं क्लिक, 'ऑनलाइन'. फॉरमॅट करायला सांगणारी कुठलीही खिडकी आली तर ती बंद करा.

घड्याळ साडेपाच तास मागे. व्हीएम बनवताना ओएसचा प्रकार लिनक्स राहिला, म्हणून होस्ट हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीत देतो आणि विंडोज तेच भारतीय वेळ समजतं. ओएसचा प्रकार विंडोज करा. डोमेनमधल्या मशीनवर हे लगेच दुरुस्त करा. कर्बेरॉस ही डोमेनची लॉगिन पद्धत मुळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, आणि मग पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही.

सगळं मंद. डिस्क अजून साटावर किंवा नेटवर्क कार्ड ई१००० प्रकारावर राहिलं आहे का बघा. दोन्ही व्हर्टआयओवर न्या. क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतली माहिती होस्टला कळवणारा प्रोग्रॅम) बसवा आणि 'ऑप्शन्स'मध्येही तो चालू करा, नाहीतर प्रॉक्समॉक्सला व्हीएमचा आयपी दिसत नाही. लिनक्समध्ये एकदा एफएसट्रिम चालवा, म्हणजे थिन स्टोरेजवर उगाच अडलेली जागा सुटते.

हायपर-व्हीवरून येत असाल तर

हायपर-व्ही म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर. वरचं जवळपास सगळं त्यालाही लागू आहे. जनरेशन १ म्हणजे सीबायॉस, जनरेशन २ म्हणजे ओव्हीएमएफ. चेकपॉइंट (इथले स्नॅपशॉट) आधी मर्ज करा. एव्हीएचडीएक्स फाइल उरलेल्या असतील तर ताजा डेटा त्यांच्यात आहे. जुनी व्हीएचडी बदलताना क्यूईएमयू-आयएमजीला (डिस्कचा प्रकार बदलणारी आज्ञा) प्रकाराचं नाव 'व्हीपीसी' असं द्यावं लागतं, व्हीएचडी म्हटलं तर ते ओळखत नाही. व्हीएचडीएक्सला मात्र त्याच नावाने ओळखतं.

जुनी व्हीएम कधी काढायची

नव्या जागी बॅकअपचं वेळापत्रक लावा, आणि त्या बॅकअपमधून वेगळ्या क्रमांकाची व्हीएम एकदा उठवून बघा, नेटवर्क तोडून. तोवर जुनीला हात लावू नका. त्यानंतरही निदान एक महिनाअखेर जाऊ द्या. पगार, जीएसटीचे रिपोर्ट, महिन्यातून एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्ट, एखाद्या शेअरला जुन्या पत्त्याने जोडलेला प्रिंटर किंवा स्कॅनर, हे सगळं तेव्हाच उघडकीला येतं. जुन्यावर परत जायची वेळ आलीच तर आधी नवी बंद करा, आणि मधल्या काळात नवीवर लिहिला गेलेला डेटा काढून घेतल्याशिवाय जुनी सुरू करू नका.